टीव्हीखाली ८ इंच जागा, सेंटर स्पीकर कोणता घ्यावा?

ओटीवरचा (धागालेखक)

हॉल ११ बाय १६ फूट. ५५ इंची टीव्ही भिंतीवर टांगलेला, त्याची खालची कड जमिनीपासून ३० इंचांवर. खाली २२ इंच उंच आणि १६ इंच खोल टीव्ही युनिट. म्हणजे मधे उरले ८ इंच. समोर १० फुटांवर तीन आसनी सोफा आणि त्याच्या उजवीकडे, मध्यरेषेपासून ४ फूट बाजूला, एक खुर्ची. तिच्यावर आई बसते.

फ्रंटला (डावा-उजवा) एलॅक डेब्यू २.० चे बी६.२, रिसीव्हर (अ‍ॅम्प्लिफायर) डेनॉनचा ७.२, एक सबवूफर (खर्जाचा). सेंटर, म्हणजे संवादाचा मधला स्पीकर, मात्र जुन्या पॅकेजमधला बारका, ३ इंची ड्रायव्हरवाला. तक्रार नेहमीचीच: मारामारीला आवाज कमी करा, संवादाला वाढवा. आईच्या खुर्चीवरून तर निम्मे संवाद कळतच नाहीत.

पर्याय दोन दिसतात. एलॅकचाच सी५.२ किंवा सी६.२, म्हणजे फ्रंटशी जुळेल. नाहीतर केईएफचा युनि-क्यूवाला सेंटर. जाणकारांनी सांगावं.

खुंटीवरची_टोपी

साउंडबार घ्या, सुखी व्हा.

डेसिबलदास

आलाच का साउंडबार! तिसऱ्या प्रतिसादापर्यंत तरी थांबायचं.

धागालेखक, खरेदीआधी एक बघा. सेट-टॉप बॉक्स किंवा ओटीटी चालू असताना रिसीव्हरच्या पाटीवर काय लिहून येतं? 'स्टीरिओ' येत असेल तर सेंटर मुकाच असतो, सगळं डाव्या-उजव्यातून निघतं. डीटीएचच्या बहुतेक वाहिन्या दोन चॅनलच्याच असतात. त्यांच्यासाठी रिमोटवरून 'डॉल्बी सराउंड' मोड लावा; दोन्ही चॅनलमध्ये समान असलेला भाग, म्हणजे मुख्यतः संवाद, तो उचलून सेंटरला देतो. त्यातच 'सेंटर स्प्रेड' नावाचा पर्याय आहे, तो बंद ठेवा. चालू असेल तर सेंटरचा माल पुन्हा दोन्ही बाजूंना वाटला जातो. संगीताला ते बरं, संवादाला नाही.

टीव्हीचा आवाज एआरसीवरून (एचडीएमआय केबलनेच उलटा) रिसीव्हरला जात असेल तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पीसीएम' आहे का तेही बघा. असेल तर ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सब) चित्रपटसुद्धा साध्या एआरसीवरून दोनच चॅनल होऊन येतो. तिथे 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' हवं.

ओटीवरचा

ओटीटीला पाटीवर डॉल्बी येतं. डीटीएचला मात्र 'स्टीरिओ'च होतं! बदललं, फरक आहे. पण खुर्चीवरून अजूनही आवाज नाकात बोलल्यासारखा येतो.

तिसरी_घंटा

खुर्चीवरून तसा येणारच. पण सी५.२ किंवा सी६.२ घेतलात तरी त्या खुर्चीचं दुखणं जाईल असं समजू नका. कारण सविस्तर लिहितो.

दोन्ही मॉडेल वूफर-ट्वीटर-वूफर (वूफर खालच्या-मधल्या स्वरांचा, ट्वीटर वरच्या) अशा आडव्या मांडणीची आहेत. ही मांडणी मुळात उभी वापरायची. जोसेफ डी'अपोलिटो यांनी १९८३ मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला तोही उभ्या मांडणीवरच. उभी असताना जमीन आणि छताकडे जाणारा आवाज आवळला जातो आणि डावी-उजवीकडे तो नीट पसरतो. आडवी केली की सगळं उलटं: सोफ्याच्या दोन टोकांकडे जाणारा आवाज आवळला जातो. टीव्हीखाली बसावं म्हणून कंपन्यांनी ती आडवी केली, ध्वनिशास्त्राचा तसा काही आग्रह नव्हता.

तुमचेच आकडे घेऊ. १० फुटांवर ४ फूट बाजूला म्हणजे साधारण २२ अंश. दोन वूफरच्या केंद्रांमध्ये ३० सेमी अंतर धरलं तर खुर्चीवरच्या माणसाला एक वूफर दुसऱ्यापेक्षा ११ सेमी लांब पडतो. १५०० हर्ट्झची तरंगलांबी २३ सेमी, म्हणजे अर्धी साडेअकरा. दोन्ही वूफर एकच आवाज काढताहेत, पण खुर्चीपाशी ते एकमेकांच्या विरुद्ध पोचतात आणि १५०० च्या आसपास खड्डा पडतो. साडेसहा इंची वूफर असतील तर केंद्रांमधलं अंतर वाढतं आणि खड्डा आणखी खाली, स्वरांच्या ऐन पट्ट्यात सरकतो.

सोफ्याच्या टोकाला, समजा ३ फूट बाजूला, कोन १७ अंशांचा. तिथे खड्डा २००० हर्ट्झजवळ जातो. तिथे ट्वीटर मदतीला आलेला असतो, म्हणून तितकं जाणवत नाही. म्हणजे तुमचे तिघे सोफेकरी सी५.२ वर खूश असतील आणि खुर्ची तशीच नाराज राहील.

पोकळ_वासा

खुर्ची हलवा. फुकट काम.

ओटीवरचा

आईची खुर्ची? तुम्ही या हलवायला, चहा देतो.

जर्सीकर

तिसरी_घंटा यांच्याशी गणितात सहमत, निष्कर्षात अर्धवट. कागदावर खड्डा पूर्ण दिसतो, पण खोलीत भिंती, छत, जमीन यांवरून येणारा आवाज तो काही प्रमाणात भरून काढतो. ११ फुटी हॉलमध्ये खुर्चीला लागून भिंतच आहे.

शिवाय फ्रंटशी जुळणं हा मुद्दा उडवून लावू नका. मोटार पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा मधे सेंटरवर आली की वेगळीच गाडी वाटते. एकाच मालिकेतला ट्वीटर आणि वूफरचा त्याच जातीचा कोन (शंकू) असेल तर तसं होत नाही. माझं मत सी५.२ ला.

तिसरी_घंटा

@जर्सीकर, भिंतीवरून परतणारा आवाज खड्डा भरतो हे खरं, पण तो उशिरा येतो. पातळी भरून निघते, शब्द स्पष्ट होईलच असं नाही. आणि त्या भिंतीवर पडणारा आवाजही त्याच स्पीकरच्या बाजूने निघालेला, म्हणजे त्यातही खड्डे आहेतच.

जुळणीबद्दल: ऑडिसी (रिसीव्हरमधलं, माइकने मोजून आवाज जुळवणारं सॉफ्टवेअर) थेट येणाऱ्या आवाजाचा पोत बराच जवळ आणू शकतं. आडव्या दोन वूफरमधलं भांडण मात्र कुठलंच सॉफ्टवेअर मिटवू शकत नाही. त्या कोनासाठी १५०० हर्ट्झ वर उचलले तर मधे बसलेल्याच्या कानात ते बोंब मारतात. मोटार महिन्यातून चारदा डावीकडून उजवीकडे जाणार, संवाद रोज ऐकायचे आहेत.

डेसिबलदास

आडव्या पेटीचे प्रकार वेगळे करून बघितले पाहिजेत. 'सेंटर' म्हणून सगळे एका मापाने मोजले जातात, तिथे घोळ होतो.

साधा दोन-मार्गी प्रकार वर आलाच. दुसरा अडीच-मार्गी: यात एक वूफर खालच्या पट्टीतच थांबतो, मधल्या पट्टीत एकटाच वूफर बोलतो. भांडण बरंच मिटतं, पण बोलणारा वूफर ट्वीटरच्या एकाच बाजूला असल्याने डावी आणि उजवी बाजू सारखी ऐकू येत नाही.

तिसरा तीन-मार्गी. दोन टोकांना वूफर, मधे छोटा मिडरेंज (मधल्या पट्टीचा) आणि त्याच्या डोक्यावर ट्वीटर. एसव्हीएसचा अल्ट्रा सेंटर असा आहे. वूफर चार-पाचशे हर्ट्झच्या आत आवरते घेतात. ४०० हर्ट्झची तरंगलांबी ८६ सेमी, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर त्रास देत नाही. त्यावरचं सगळं बोलणं मधल्या उभ्या जोडीतून येतं. अडचण उंचीची: मिडरेंजवर ट्वीटर म्हणजे पेटी जाड होते, ८ इंचांत बसणारे थोडेच.

चौथा समाक्ष, म्हणजे ट्वीटर वूफरच्याच मध्यात. केईएफ १९८८ पासून युनि-क्यू बनवतंय. यात वूफर आणि ट्वीटरचा उगम एकाच जागी असल्याने बाजूला सरकलं तरी त्यांच्यात अंतराचा फरक पडत नाही, आणि पेटी बुटकी ठेवता येते. तुमच्या ८ इंचांना हाच प्रकार सोयीचा. घेताना एवढंच विचारा की बाजूचा बास ड्रायव्हर किती हर्ट्झपर्यंत चालतो. तोही दोन हजारपर्यंत चालत असेल तर समाक्ष असून उपयोग काय!

मूक_वाचक

माझा प्रश्न बाळबोध आहे. सेंटर काढूनच टाकला तर? दोन चांगले बुकशेल्फ (म्हणजे ते बी६.२) आहेत, मधे आवाज येतोच की.

जर्सीकर

बाळबोध नाही. रिसीव्हरमध्ये सेंटर 'नन' (म्हणजे नाहीच) केला की तो माल दोन्ही फ्रंटमध्ये वाटला जातो, आणि बरोबर मधे बसणाऱ्या एकट्या माणसाला ते छान लागतं. तिथेही एक खोट आहे: डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानात थोडा उशिरा पोचतो, तसाच उलटा. त्यामुळे साधारण २००० हर्ट्झजवळ खळगा पडतो. खरा सेंटर असेल तर तो पडत नाही.

आणि मध्यापासून दीड-दोन फूट सरकलात की सगळे संवाद जवळच्या स्पीकरला जाऊन चिकटतात. नायक पडद्याच्या मधे, आवाज कुंडीपाशी.

अवांतर: मधला चॅनल हा सिनेमावाल्यांचा शोध वाटतो, पण १९३३ मध्ये बेल लॅब्जने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनला ऐकवला तो तीन चॅनलवरच. मोठ्या सभागृहात दोन चॅनल ठेवले तर मधे भगदाड पडतं हे तेव्हाच कळलं होतं.

खुंटीवरची_टोपी

वाद्यवृंदाला साउंडबार मिळाला नाही, बिचारे.

साधा_सुतार

स्पीकरवाल्यांनी जागेचं कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो.

आधी तिरकेपणा. युनिटवर ठेवलेल्या स्पीकरचा ट्वीटर जमिनीपासून साधारण २६ इंचांवर येणार. सोफ्यावर बसल्यावर कान ३८ इंचांवर. १० फुटांत १२ इंच चढ, म्हणजे सुमारे ६ अंश. पेटी १० इंच खोल असेल तर पुढची बाजू १ इंच उचलावी लागेल. दाराखाली लावायचा रबरी पाचर बाजारात मिळतो, तो पुढच्या दोन कोपऱ्यांखाली सरकवा. लाकडी पाचर नको, बासला खडखडतो.

म्हणजे ८ मधून १ गेला आणि पेटीला ७ इंच उरले असं वाटेल. पण स्पीकर टीव्हीच्या खाली कोंबायचा नाहीच. युनिट १६ इंच खोल आहे, स्पीकरची तोंडाची बाजू युनिटच्या कडेला भिडवायची, अगदी सूतभर बाहेर. टीव्ही भिंतीपासून ४ इंच पुढे धरला तर स्पीकरचं तोंड टीव्हीच्या १२ इंच पुढे आलं. बसलेल्या माणसाचे डोळे ४० इंचांवर धरा. तिथून टीव्हीच्या खालच्या कडेपर्यंत दोरी ताणली तर स्पीकरच्या जागी ती ३१ इंचांवर असते. युनिटचे २२ वजा केले की ९ इंच. पाचरीसकट ९ इंचांपर्यंत काहीही ठेवा, चित्र झाकलं जाणार नाही.

दोन गोष्टी तपासा. टीव्हीचा रिमोट-सेन्सर खालच्या कडेच्या मध्यात असेल तर स्पीकर त्याच्या आड येतो. आणि मागून निघालेले बनाना प्लग (वायरीच्या टोकाचे) दीड-दोन इंच जागा खातात. घेण्याआधी पुठ्ठ्याचं खोकं त्या मापाचं कापून दोन दिवस ठेवा. घरातल्यांना खपतंय का तेही कळेल.

तोंड कडेपासून ४-५ इंच आत राहिलं तर युनिटच्या वरच्या फळीवरून आवाज परततो आणि संवाद गढूळ होतो. खणात कोंबलेला सेंटर त्याहून वाईट: शंभर ते तीनशे हर्ट्झ फुगतात, माणूस माठात तोंड घालून बोलल्यासारखा. खणातच ठेवायची वेळ आली तर तोंड पुढे आणून बाजूच्या फटींत फोम भरा आणि मागची फळी कापून काढा.

पोकळ_वासा

माठवाला माणूस पटला. आमच्याकडे सगळे बातमीदार तसेच बोलतात.

ओटीवरचा

@साधा_सुतार, दोरी ताणून बघितली. खरंच सव्वानऊपर्यंत चालतंय! सेन्सर उजव्या कोपऱ्यात आहे, वाचलो.

मग उलटा विचार: तिसरा बी६.२ च मधे ठेवला तर? जुळणीचाही वाद मिटेल.

तिसरी_घंटा

उत्तम उपाय तोच, पण तो उभा ठेवता आला तर. बी६.२ ची उंची पावणेपंधरा इंचांच्या आसपास आहे. सध्याच्या युनिटवर उभा राहिला तर टीव्हीचा तळ झाकेल. १४ इंची बुटकं बाकडं केलंत तर १६ इंच मिळतात आणि तो उभा मावतो. तिरका मात्र जास्त करावा लागेल.

आडवा झोपवू नका. झोपवला की वूफर आणि ट्वीटर शेजारी-शेजारी येतात आणि क्रॉसओव्हरजवळ (जिथे वूफर थांबून ट्वीटर सुरू होतो), सव्वादोन हजार हर्ट्झच्या आसपास, बाजूच्या माणसाला खड्डा पडतो. आडव्या दोन-वूफरवाल्यापेक्षा हा अरुंद असतो, एवढीच काय ती सवलत.

दुसरी अडचण, आपल्याकडे बुकशेल्फ जोडीनेच विकतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा, एखाद्याकडे जोडी फुटलेला एक पडलेला असतो.

जर्सीकर

आणि जोडीच घ्यावी लागली तर चौथा सराउंड बॅकला (पाठीमागे) लावायचा मोह आवरा. ११ बाय १६ मध्ये ६.१ करून काय ऐकणार आहात!

डेसिबलदास

आता ऑडिसी. नवा सेंटर लावून जुनंच कॅलिब्रेशन ठेवू नका.

माइक तिपाईवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर पाठीचं परावर्तन मोजलं जातं. पंखा, एसी, जमलं तर फ्रिजही बंद. पहिली जागा मुख्य बैठकीचीच घ्या, अंतरं आणि पातळी त्यावरूनच ठरतात. पुढच्या जागांमध्ये खुर्चीची एक घ्या.

मोजणी झाल्यावर सेंटर 'लार्ज' किंवा 'फुल बँड' दाखवला तरी 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा, म्हणजे त्याखालचं सबला जाईल. तुमच्या सध्याच्या ३ इंची ड्रायव्हरची गोम इथेच असावी: त्याचा क्रॉसओव्हर बहुधा १५० किंवा वर असेल. पुरुषी आवाजाचा पाया शंभरच्या आसपास सुरू होतो, तो सबवूफरमधून येतो आणि सब कोपऱ्यात आहे. म्हणजे माणसाची छाती कोपऱ्यात आणि तोंड टीव्हीखाली.

फोनवर ऑडिसीचं पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅप आहे. त्यात प्रत्येक चॅनलसाठी 'मिडरेंज कॉम्पेन्सेशन' असतं, ते सेंटरपुरतं बंद करून बघा. ते २००० हर्ट्झजवळ मुद्दाम थोडा खोलगा पाडतं. ज्यांना संवाद कळत नाहीत त्यांनी तो का पाडून घ्यावा?

इतकं करूनही कमी वाटलं तर चित्रपट चालू असताना 'ऑप्शन' दाबून चॅनल लेव्हलमध्ये सेंटर २ ते ३ डीबी वाढवा. त्याहून जास्त वाढवावा लागत असेल तर चूक दुसरीकडे आहे.

मूक_वाचक

'फेज' (प्लस-मायनस) उलटा आहे असं ऑडिसी म्हणतं, वायर मात्र बरोबर दिसते. काय करावं?

डेसिबलदास

दोन्ही टोकं डोळ्यांनी तपासा. बरोबर असतील तर 'स्किप' करून पुढे जा. काही स्पीकरच्या आतल्या क्रॉसओव्हरमुळे आणि जवळच्या परावर्तनामुळे ऑडिसी फसतं.

साधा_सुतार

काचेच्या टीपॉयचा विसर पडला सगळ्यांना. सेंटर खाली, टीपॉय मधे, कान वर: काचेवरून आवाज सरळ तोंडावर. बघताना टीपॉय बाजूला करा किंवा त्यावर जाड सतरंजी टाका. पातळ टेबलक्लॉथने काही होत नाही. व्हिट्रिफाईड टाइल्स असतील तर सोफा आणि टीव्हीच्या मधे गालिचा टाकाच. बऱ्याच घरांत नव्या सेंटरपेक्षा गालिच्याने जास्त फरक पडतो.

खुंटीवरची_टोपी

गालिचा झटकायचा कोणी?

साधा_सुतार

ज्याला साउंडबार हवा होता त्याने.

ओटीवरचा

वाचता वाचता तिन्ही कामं केली. डीटीएचला डॉल्बी सराउंड, जुना सेंटर पाचरी लावून कडेपर्यंत, टीपॉय बाजूला. सोफ्यावरची तक्रार जवळजवळ संपली! आईची खुर्ची मात्र अजून नापास. नव्या बाकड्याला घरातून नकार आला आहे, म्हणजे उभा बी६.२ बाद. दुकानात सी५.२ आणि केईएफ शेजारी ऐकताना नेमकं काय करू?

तिसरी_घंटा

संगीत लावू नका आणि समोर बसून तुलना करू नका, समोरून दोन्ही छान लागतील.

फक्त सेंटर वाजेल असं करून पिंक नॉइज (सगळ्या स्वरांची एकसारखी खसखस) लावायला सांगा. रिसीव्हरच्या टेस्ट टोननेही काम भागतं. पातळी दोघांची सारखी करून घ्या, जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. १० फुटांवर उभे राहा आणि डावीकडून उजवीकडे सावकाश चाला, प्रत्येक बाजूला ४ फूट. डोकं बसल्याच्या उंचीला आणा, दुकानदार हसला तर हसू दे. 'खस्स' असा आवाज चालताना 'खव्व' होऊन पुन्हा 'खस्स' झाला तर तो खड्डा. नुसता हळूहळू मऊ होत गेला तर ते ठीक, ट्वीटर बाजूला मंदावतोच. मग एखादी बातमीपत्राची बाई लावून खुर्चीच्या जागेवरून ऐका.

घरी मोजायचं असेल तर आरईडब्ल्यू हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि यूमिक-१ हा मोजणीचा माइक कोणाकडून उसना घ्या. खुर्चीवर आणि मध्यावर एक-एक मोजणी, दोन रेघा एकमेकींवर. १००० ते २५०० मध्ये खुर्चीची रेघ एखाद्या ठिकाणी धाडकन खाली पडली तर कारण वर दिलंच आहे.

जर्सीकर

खुर्ची हा निकष ठरलाच असेल तर माझं मत बदलतो: केईएफ. मोटारी वेगळ्या वाटल्या तर वाटोत.

ओटीवरचा

शनिवारी जातो ऐकायला. शेवटचं: भिंतीतल्या पाइपमधून इलेक्ट्रिशियनने आधीच दोन वायरी टाकल्या आहेत, दोन्ही लाल, १.५ स्क्वेअरच्या. चालतील?

साधा_सुतार

१.५ ची मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) असेल तर एवढ्या अंतराला भरपूर झाली. त्याच पाइपमध्ये २३० व्होल्टची लाइन नसावी, असेल तर स्पीकरच्या वायरी बाहेरून पट्टीतून घ्या.

दोन्ही लाल म्हणजे कुठली प्लस हे आधी ठरवा. वायरी रिसीव्हरपासून सोडवा, स्पीकरच्या बाजूला लावा, जाळी काढा. मोकळ्या टोकांना साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. वूफरचा कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला टेकलेली वायर प्लस. तिला काळी टेप गुंडाळा. आत गेला तर उलट. सेल धरून ठेवू नका, नुसता टेकवायचा.